उत्तरेश्वरच्या हातातली दोन मतं

उत्तरेश्वर आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आला, त्या दिवशी टेम्पोतून सगळ्यात आधी काय उतरलं असेल, सांगा. फ्रिज? कपाट? छे. ज्वारीचं पोतं. बार्शीकडची मालदांडी. वॉचमन म्हणाला, "काका, सामान आणि माणूस एकत्र लिफ्टमध्ये चालत नाही." उत्तरेश्वरनं पोतं लिफ्टमध्ये उभं केलं, बटण दाबलं आणि पोत्याला म्हणाला, "हो पुढं, मी आलोच जिन्यानं."

मी कट्ट्यावर बसून बघत होतो. इतका हसलो की खोकला लागला. तो माघारी वळून म्हणाला, "पाणी आणू का?" तिथंच आमची दोस्ती जमली. मी मुलाच्या फ्लॅटवर राहणारा म्हातारा, गावच्या शाळेत शिकलेला. आमचे मास्तर एकाच खोलीत चार इयत्तांना चार गोष्टी एकदम सांगायचे. तेव्हापासून मला एक गोष्ट सरळ सांगता येत नाही, वाटेत भेटेल त्याला रामराम करत जावं लागतं. तेवढं सांभाळून घ्या.

तर उत्तरेश्वर. हडपसरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर उभं राहून त्याची नोकरी संपली. ती संपल्यावर मिळालेल्या पैशातून त्यानं हा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि बायकोच्या, म्हणजे वेणूबाईंच्या एकटीच्या नावावर केला. "घर तिचं. मी तिच्या घरी जेवायला असतो," असं सांगायचा. बिल्डिंगमधले लोक गावाला जाताना किल्ली वॉचमनकडे देत नसत, उत्तरेश्वरकडे देत. तो झाडांना पाणी घाली, गॅसचा सिलिंडर घेऊन ठेवी, आणि मालक आले की किल्ली परत करताना सांगे, "तुमच्या स्वयंपाकघरात एक पाल हाय. मी काय बोललो न्हाई तिला."

हा स्वभाव त्याला बापाकडून आला होता. त्याचा बाप गावात सांगावे पोचवायचा. तेव्हा फोन कुठले? कुणी गेलं, कुणाला मूल झालं, सोयरीक जमली, मोडली, की बापाला चालत पाठवायचे. त्याचा एकच दंडक होता: सांगाव्यात आपलं मीठ घालायचं नाही. एकदा गावातल्या एका म्हातारीनं व्याह्याला शिव्यांचा सांगावा धाडला. बापानं व्याह्याच्या दारात उभं राहून सगळ्या शिव्या ओळीनं दिल्या. म्हातारी मध्ये जिथं थुंकली होती तिथं थुंकलासुद्धा! व्याही काठी घेऊन धावला. बाप म्हणाला, "माझ्या न्हाईत वो, तिच्या हायत." मग त्याला बसवलं, चहा पाजला, आणि निघताना उलट शिव्यांचा सांगावाही बांधून दिला. ही गोष्ट उत्तरेश्वर सांगायचा तेव्हा थुंकण्याच्या जागी खरंच थुंकायचा, आणि वेणूबाई आतून ओरडायच्या, "फरशी पुसली हाय आत्ताच!"

आता आमच्या बिल्डिंगचं जरा सांगितलं पाहिजे. बोलताना सगळे तिला सोसायटी म्हणतात, पण कागदावर ती अपार्टमेंट आहे, आणि आमच्यात सभेला न येणाऱ्या मालकाला आपलं मत दुसऱ्याच्या हाती देता येतं. प्रॉक्सी म्हणतात त्याला. मालकानं सही करून द्यायची, की सभेत त्याच्या फ्लॅटचं कार्ड त्या माणसाला मिळतं. लोक काय करतात, कार्ड हातात आलं की आपल्या मनाप्रमाणे वर करतात. कायद्यालाही त्याचं काही वावडं नाही, असं आमचे चेअरमन श्रीनिवासराव सांगत. उत्तरेश्वरच्या लेखी मात्र प्रॉक्सी म्हणजे सांगावा. मालकाला फोन करून विचारायचा, "लिफ्टच्या रंगाचं काय म्हणणं हाय तुमचं?" आणि मालक निळा म्हणाला तर स्वतःला पांढरा आवडत असूनही निळ्याला कार्ड वर. म्हणून तर परगावचे मालक त्याच्याच नावावर सही करून देत.

वेणूबाईंचं मतही तोच द्यायचा. फ्लॅट त्यांचा, पण सभेला त्या कधी आल्या नाहीत. "मला काय कळतंय त्यातलं. मी सांगते, तुमी जावा."

त्या दोघांना एकच मुलगी झाली, दीपमाला. कॉलेजात असताना तापाचं निमित्त होऊन गेली. इथं येण्याआधीची गोष्ट. घरात तिचा फोटो नव्हता. मी एकदा विचारलं तर वेणूवहिनी म्हणाल्या, "भिंतीवर लावली की मेली ती, अण्णा." मी पुन्हा विचारलं नाही.

मग समोरच्या फ्लॅटमध्ये सृष्टी भाड्यानं आली. वाशिमची पोर, वडील नाहीत, आई अंगणवाडीत. इथं आयटी कंपनीत नोकरी. एका संध्याकाळी तिनं वेणूबाईंची बेल वाजवली. मी तिथं चहा पीत होतो.

"काकू, थोडं विरजण मिळेल? माझं दही लागतच नाहीये."

"दूध कसलं घेतीस?"

"टेट्रापॅकचं."

"मग लागंल कसं? त्यात जीव तरी हाय का? आन ते पातेलं हिकडं."

पातेलं आलं, त्याच्यामागून पोरगी आली, ती यायचीच राहिली. काकूची मावशी झाली. रविवारी वहिनी तिला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावायच्या. पोरीच्या हातात फोन, फोनमध्ये अमेरिकेतला कुणी साहेब बोलतोय, आणि डोक्यावर वहिनींचे दणके.

"मावशी, हळू ना! मी म्यूटवर नाहीये."

"मग त्यालाबी सांग की, तेल लावत जा म्हणावं. डोस्कं थंड राहील."

उत्तरेश्वर दाराआडून मला खूण करायचा, बघ बघ. दीपमालेनंतर वहिनींनी तेलाची वाटी हातात धरली नव्हती, हे मला त्यानं त्या खुणेनंतर खाली कट्ट्यावर सांगितलं. सांगताना हसत होता आणि उपरण्यानं नाक पुसत होता.

असं चाललेलं असताना पाचव्या मजल्यावरच्या पोरांनी घोटाळा केला. चार-पाच नोकरदार पोरं, शनिवारची पार्टी. बाल्कनीतून दारूची बाटली खाली सुटली ती पद्मजाबाईंच्या बाल्कनीत, त्यांच्या खुर्चीशेजारी फुटली. पद्मजाबाई म्हणजे शहरातल्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, नारायण पेठेतलं जुनं घर सोडून इथं आलेल्या. एकट्या. थोडक्यात वाचल्या. पोरांनी माफी मागितली, पोरं गेलीही. पण बिल्डिंग पेटली ती पेटलीच. श्रीनिवासरावांनी वार्षिक सभेत नियम आणायचा ठरवला: अविवाहित भाडेकरू ठेवायचे नाहीत, पेइंग गेस्टही नाहीत, आणि जे आहेत त्यांनी दोन महिन्यांत जागा सोडायची.

मी श्रीनिवासरावांना गाठलं. "अहो, बाटली टाकली पोरांनी. त्या पोरीनं काय केलं?"

"काही नाही," ते म्हणाले. "म्हणूनच नियम सगळ्यांना आहे, अण्णा. ज्याने केलं त्याच्यापुरता केला तर त्याला शिक्षा म्हणतात."

श्रीनिवासरावही मूळचे पेठेतले. पेठेतला माणूस दार लावून घेतो ते इतकं हळू की आपल्याला वाटतं उघडंच आहे.

पद्मजाबाई तोवर लेकीकडे कॅनडाला गेल्या होत्या. जाण्याआधी, हा नियम कुणाच्या डोक्यातही नव्हता तेव्हा, त्यांनी सभेची प्रॉक्सी उत्तरेश्वरच्या नावावर सही करून दिली होती. वेणूबाईंनी नवऱ्याला फोन करायला लावला. मीही होतो तिथं. फोन स्पीकरवर.

"बाई, त्या नियमाचं विचारायचं होतं."

"हो, वाचला मी ग्रुपवर. आपण बाजूनेच द्यायचं."

"आपली सृष्टी जाईल वो त्यात."

मग बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. गोड मुलगी आहे. पण उत्तरेश्वरराव, निघेपर्यंत मी बाल्कनीचं दार उघडलं नाही. एकटीला रात्री वरच्या मजल्यावर काही वाजलं तरी धडधडायचं. आणि एकीला वगळून नियम कसा करणार?"

"व्हय."

"दुसऱ्या कुणाकडे दिलं असतं तर मला घोर लागला असता. तुमच्याकडे आहे म्हणून निवांत आहे."

फोन ठेवला. वहिनी लगेच म्हणाल्या, "ती बाई पार समुद्रापल्याड. तिला कुठं दिसतंय कुठल्या बाजूला हात वर केला ते?"

"मला दिसतंय की," उत्तरेश्वर म्हणाला.

"मग घरी बसा. पोट दुखतंय म्हणा."

"तसं केलं तर तुझंबी मत जातंय, वेणू."

"तुमाला पोरीची काय माया न्हाई का?"

तो उठून गॅलरीत गेला आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागला. ते अजून ओले होते. तसेच घड्या घालून त्यानं आत आणून ठेवले.

सभा पार्किंगमध्ये भरली. नियम आला म्हणून परगावचे मालकही या वेळी स्वतः आले होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसे, आणि एक माइक, जो फक्त श्रीनिवासरावांचा आवाज ओळखायचा. आधी पाण्याच्या टँकरवरून भांडण झालं, ते रीतीप्रमाणे दरवर्षी होतंच. खडकवासला भरून वाहत असलं तरी आमच्याकडे टँकर, असं कुणीतरी म्हणालं, श्रीनिवासराव म्हणाले, "आपण बादली घेऊन जाणार असाल तर ठराव मांडतो." लोक हसले. मीही हसलो. मुलगा बाहेरगावी, म्हणून नियमाविरुद्ध त्याचं कार्ड वर करायला मी आलो होतो; उत्तरेश्वर माझ्या शेजारी, दोन्ही हातांत एकेक निळं कार्ड घेऊन. तो हसला नाही.

मग तो नियम आला. "बाजूने असतील त्यांनी कार्ड वर करावं."

उत्तरेश्वरनं उजवा हात वर केला.

कार्डं मोजली गेली. "आता विरुद्ध." उत्तरेश्वरनं उजवा हात खाली घेतला आणि डावा वर केला. आधी एक जण हसला, मग सगळी पार्किंग. मागून एक तरुण ओरडला, "काका दोन्ही टीमकडून खेळतायत!"

श्रीनिवासरावांनी चष्मा वर केला. "उत्तरेश्वरराव, आपण स्वतः कोणत्या बाजूचे, हे सभेला समजेल का?"

उत्तरेश्वर उभा राहिला. "मला मतच न्हाई, साहेब. ह्यो हात पद्मजाबाईंचा. ह्यो आमच्या मंडळींचा. घर तिचं हाय."

हसणं बंद झालं. श्रीनिवासरावांनी पुन्हा मोजलं. नियम एका मतानं मंजूर झाला. मग हळूहळू सगळ्यांना हिशेब उमगत गेला, तो उजवा हात वर झाला नसता, डाव्याच्या सोबत गेला असता, तर नियम पडला असता. एकेक मान त्याच्याकडे वळली. तो दोन्ही कार्डं एकावर एक नीट ठेवून परत द्यायला टेबलाकडे गेला.

मी त्याच्याबरोबर वर गेलो. जिन्यानं. लिफ्ट उभी होती, पण तो जिन्याकडेच वळला. दारात वहिनी.

"काय झालं?"

"झाला मंजूर."

"कितीनं?"

"एका."

"आन बाईंचं?"

"त्यांनी सांगितलं तसं."

मी म्हटलं, "वहिनी, त्याचा नाइलाज..." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत गेल्या, ताट वाढलं, भाकरी, पिठलं, कांदा, सगळं रोजच्यासारखं. ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "एक पोर तापानं नेली. तिथं कुणाचं काय चालत न्हाई. हिथं चालत होतं."

उत्तरेश्वर जेवला. ताट टाकून उठला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो खाली मान घालून सगळं जेवला.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः श्रीनिवासरावांकडे गेल्या. जन्मात पहिल्यांदा. मला सोबत नेलं. म्हणाल्या, "पोरीला आमी आमच्यात ठेवून घेतो. भाडं न्हाई, काय न्हाई. घरचं माणूस म्हणून."

श्रीनिवासराव वाईट माणूस नाहीत. त्यांनी वहिनींना खुर्ची दिली, पंखा लावला. मग रजिस्टर उघडून पेन हातात घेतलं. "घरच्या माणसांना कोण अडवणार, वहिनी? फक्त इथे नातं लिहावं लागतं. काय लिहू?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. अहो, मी चार इयत्तांच्या गोष्टी एका दमात सांगणारा माणूस, मला त्या क्षणी एक शब्द सुचला नाही.

"भाची लिहू?" श्रीनिवासराव हळू म्हणाले. मला वाटतं त्यांच्याही मनात होतं, लिहून टाकावं.

"भाची न्हाई ती," वहिनी म्हणाल्या. उठल्या आणि निघाल्या. मी जिन्यात म्हटलं, "वहिनी, भाची म्हणायचं होतं की हो! कोण बघायला येणार होतं?" त्या थांबल्या. "खोटं कसं लिहू, अण्णा? उद्या पोरीच्या आईनं विचारलं, माझ्या लेकीला तुमची भाची कुणी केली, तर?" मग दोन पायऱ्या उतरल्या आणि कठड्याला धरून खालीच बसल्या. "ह्यांना बोलले मी. माझ्याच्यानं तरी कुठं झालं?"

हे त्यांनी उत्तरेश्वरला मात्र सांगितलं नाही. मीही नाही. त्या दोघांच्यात मी कोण मीठ घालणारा?

सृष्टीला वाघोलीकडे जागा मिळाली. ती रागावली नाही. तिनं भांडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. सामान भरताना उत्तरेश्वरच्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, चिल मारा हो. तुम्ही टेन्शन घेतलंय ना, तेवढं तर मीपण नाही घेतलं." वहिनींनी कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली. टेम्पो सुरू झाला तरी त्या खिडकीतून सांगत होत्या, डबा उघडा ठेवू नको, मुंग्या लागतील. उत्तरेश्वर टेम्पोची मागची फळी लावत होता. खिट्टी बसेना. तो पुन्हा पुन्हा फळी आपटत राहिला, शेवटी ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "बसलीय काका, केव्हाच बसलीय."

पहिले काही रविवार ती आली. मग येण्याचं अंतर वाढलं, ट्रॅफिक, शिफ्ट. मग बंगळूरची नोकरी लागली. दिवाळीला व्हॉइस मेसेज आला, वहिनींनी तो मला तीनदा ऐकवला.

पद्मजाबाई परत आल्या तेव्हा चॉकलेटचा डबा घेऊन वर आल्या. वहिनींनी त्यांना बसवलं, डबा घेतला, चहा टाकला. वाकडा शब्द नाही. जाताना बाई उत्तरेश्वरला म्हणाल्या, "तुम्हाला जड गेलं असणार. मला कळतं." तो म्हणाला, "तुमी बाल्कनीत बसता का आता?" बाई म्हणाल्या, "हो, बसते." "मग झालं," तो म्हणाला. खरंच त्या बसतात. मी खालून बघतो, संध्याकाळी दार उघडं असतं, दिवा लावलेला असतो.

घरात भांडण असं झालं नाही. वेणूबाई त्याच्याशी बोलायच्या, गोळ्या वेळेवर द्यायच्या, शर्टाचं बटण तुटलं तर लावायच्या. तो मात्र गोष्टी सांगेनासा झाला. मी मुद्दाम म्हणायचो, "अरे, ती तुझ्या बापाची व्याह्याची गोष्ट सांग की." तो म्हणायचा, "ऐकलीय की तू." ऐकली म्हणून काय झालं! चांगली गोष्ट काय एकदाच ऐकायची असते? पण तो नाहीच.

यंदा वार्षिक सभेची नोटीस लागली. परगावच्या दोन-तीन मालकांनी नेहमीप्रमाणे त्याला फोन केले. त्यानं सगळ्यांना नाही म्हटलं. पद्मजाबाई इथंच होत्या, त्या स्वतः जाणार होत्या. राहिलं वहिनींचं मत. सभेच्या सकाळी तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, दरवर्षीप्रमाणे सहीसाठी त्यांच्यापुढं कागद आणि पेन ठेवून बसला. वहिनींनी कागद बघितला. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"नको," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझं मी जाते."

त्यानं पेनाला टोपण लावलं. "बरं. तिथं पंखा न्हाई, पाण्याची बाटली ने."

माझा मुलगा त्या दिवशी घरी असल्यामुळे आमचं कार्ड घेऊन तोच गेला. मी आणि उत्तरेश्वर बाहेर कट्ट्यावर बसलो. कार्ड नसलेल्यांना आत खुर्ची नसते. पार्किंगच्या जाळीतून वहिनींची पाठ दिसत होती, शेवटच्या रांगेत, एकट्या, मांडीवर कार्ड आणि पाण्याची बाटली. माइक घरघरत होता, शब्द काही पोचत नव्हते.

बऱ्याच वेळानं काहीतरी मताला आलं. कार्डं वर व्हायला लागली. वहिनींनी इकडेतिकडे बघितलं नाही. त्यांचा हात सरळ वर गेला, कोपरापर्यंत बांगड्या घसरल्या.

उत्तरेश्वर उठून जाळीपाशी गेला. "अण्णा," तो म्हणाला, "कशाला हात वर केला असंल रे तिनं?"

"मला काय ठाऊक? इथून ऐकू येतंय का?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि जाळी धरून तिथंच उभा राहिला.